तोंडात तीर्थ, पोटात दोन

रविवारी सकाळी नऊ वाजायच्या आत रावजी भुवडाच्या काजूच्या बागेत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. आणि जे पाय होते, त्यांतले निम्म्याहून जास्त शेळ्यांचे होते. लांज्याकडून दोन टेम्पो आले होते. संगमेश्वराकडून एक रिक्षा आली होती. तिच्या मागच्या सीटवर ऐसपैस शेळी आणि रिक्षावाल्याच्या शेजारी अंग चोरून बसलेली मालकीण. आरे-वाऱ्याच्या रस्त्याला पर्यटकांना वडापाव विकणाऱ्या एकानं आपली गाडी सरळ इथं वर सड्यावर, या कातळमाळावर आणून लावली होती. "समुद्रापेक्षा हितं गिऱ्हाईक जास्त," असं तो सांगे, आणि खोटं सांगत नसे.

बागेच्या टोकाला मांडव, मांडवात पिवळा पडदा आणि पडद्याला मधोमध एक भोक. पडद्याच्या पलीकडे जोडनाथ महाराज. ते कुणाला दिसत नसत. दिसायचा तो फक्त झाडाला बांधलेला कर्णा, आणि त्यातून महाराजांचा आवाज.

"मी देह बघत नाही! देह ही माया! शेळी काळी की पांढरी, जाडी की रोड, माझा संबंध नाही. मला फक्त मुख दाखवा. मुखातून कर्म दिसतं!"

मालकीण शेळीला ढकलत ढकलत भोकापाशी न्यायची. शेळीचं मुंडकं पलीकडे जायचं, बाकीची शेळी अलीकडे राहायची आणि शेपूट हलवत उभी राहायची. पलीकडे तांब्याच्या पळीचा टण्ण आवाज व्हायचा. शेळीच्या तोंडात तीर्थ पडलं. क्षणभर शांतता. मग कर्णा गरजायचा.

"दोनपदरी! दोन येणार! बोला जोडनाथांचाऽऽ"

"विजय असोऽऽ!"

एखादीचं मुंडकं आत गेलं की कर्ण्यातून उसासा यायचा. "एकपदरी. एकच आहे हिच्या नशिबी. पुढच्या खेपेला या, तेव्हा उघडेल हिचं भाग्य." आणि खरंच, गळ्यात एकपदरी दोरा बांधलेल्या शेळीला एकच करडू व्हायचं, दोनपदरीला दोन. दहातल्या आठ-नऊ वेळा तंतोतंत. उरलेल्या वेळी महाराजांची उत्तरं तयार असत. दोन सांगून एक झालं, तर घरात कुणीतरी शंका घेतली. दोन सांगून तीन झाली, तर वरचं एक प्रसादाचं. एक सांगून दोन झाली, तर मालकिणीच्या पुण्याईपुढे महाराजसुद्धा काय करणार!

मांडवात पहिल्या रांगेत मैना बसलेली असे. तो तिचा मान होता. कारण जोडनाथांचा पहिला चमत्कार तिच्याच गोठ्यात झाला होता.

या वाडीत पूर्वी शेळ्या नव्हत्या. भात, आंबा, काजू, आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर, पुढे बँकेत येणारे पैसे, यावर घरं चालत. दोन वर्षांपूर्वी बायकांच्या बचत गटाला योजनेतून शेळ्या मिळाल्या. घाटावरून आलेल्या बारा कोवळ्या पाटी, अजून एकदाही न व्यायलेल्या. मैना गटाची अध्यक्ष. शेळीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, एवढीच काय ती गटाला माहिती. यथावकाश बाराही शेळ्या व्यायल्या आणि बाराही जणींना एकेकच करडू झालं.

"येक जात बारा शेळ्या, आणि कुणालाच दोन नाय?" रावजी मान हलवत म्हणाला होता. रावजी गावातला मोठा बागायतदार, देवळातला मानकरी आणि सगळ्या प्रश्नांचा जाणकार. "घाटावर म्हने शेळीला दोन-दोन होतात. हितं एकेक. म्हंजे गावालाच कायतरी दोष हाय. मी एका सिद्धपुरुषाला वळखतंय. घाटावरचे हायत. बोलावतंय त्यांना."

जोडनाथ आले. पडदा लागला. बाराही शेळ्यांना दोनपदरी दोरे बांधले गेले. आणि पुढच्या वेताला दहा शेळ्यांना जुळी झाली, एकीला तीन, एकीला एक. त्या एकवालीच्या घरात कुणी शंका घेतली याचा शोध आठवडाभर चालला होता. पहिली व्यायली ती मैनाची शेळी. गवतात दोन ओली करडं धडपडत उभी राहिली, तेव्हा मैना तिथंच बसून रडली होती. पुढे तिनं माहेरी सांगितलं, बाजारात सांगितलं, एसटीत शेजारी बसेल त्याला सांगितलं. आजची ही गर्दी निम्मी तरी तिनंच जमवलेली होती.

महाराज दक्षिणा घेत नसत. त्यांचा एकच नेम होता: जोडीतलं एक देवाचं. करडू तीन महिन्यांचं झालं की ते रावजीच्या वाड्यात आणून बांधायचं. महिन्याच्या शेवटी एक टेम्पो यायचा आणि देवाची करडं घेऊन घाट चढायचा. देव घाटावर नेमका कुठल्या बाजारात उतरत असे, ते कुणी विचारलं नाही.

हिशेब विचारला तो फक्त मैनाच्या सुनेनं. शमिका बारावी झालेली होती आणि बोलायला फटकळ होती. तिचा नवरा सागर मुंबईला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. एकदा भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "आई, महाराज यायच्या आधी आपल्याला किती करडं राहिली?"

"एक."

"आणि आल्यावर?"

"दोन झाली की गो! तुझ्या डोळ्यांदेखत झाली."

"झाली दोन. राहिली किती?"

मैनानं मेथीची जुडी तिच्या पुढ्यात आपटली. "देवाच्या कामात हिशेब करू नये," ती म्हणाली. पण त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

आता शमिकाला पाचवा महिना होता. दीड वर्षापूर्वी तिचं पहिलं पोट तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. तेव्हापासून मैनाच्या पोटात भीतीचा एक खडा होता. तो उठता-बसता टोचायचा. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी शमिकाला रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात सोनोग्राफीला बोलावलं होतं. हे रावजीच्या कानावर गेलं.

"मैनावहिनी, घरात गंगा आणि तुम्ही बादली घेऊन नळावर?" रावजी म्हणाला. "शेळीला जमतां, तर सुनेला का नाय जमायचां? महाराज म्हनाले, माणसाचंसुद्धा बघतो. तुमच्यापासून सुरुवात करू म्हनाले."

शमिका नको म्हणत होती. मैनानं तिचा हात धरला. "माझ्यासाठी चल, बाय. तुझ्यासाठी नको. मला झोप लागत नाय गो." त्या सुरापुढे शमिकाचा फटकळपणा गळाला. ती गेली. पडद्याच्या भोकातून तिनं तोंड आत घातलं. अलीकडे मैना हात जोडून उभी.

पळी वाजली. शांतता. मग कर्णा.

"दोनपदरी! जोडी येणार या घरात! पण एक पथ्य. मशीन लावायचं नाही. मशीनचा उजेड पडला की जोडीतलं एक विरघळतं. आणि त्या लोखंडाच्या गोळ्या बंद. लोखंड पोटात गेलं की दैवी तेज पळतं!"

"विजय असोऽऽ!" गर्दी ओरडली.

शमिका पडद्यातून बाहेर आली ती लालबुंद होऊन. घरी ओटीवर येताच तिनं गळ्यातला दोरा काढून खुंटीला अडकवला.

"आई, त्या माणसानं माझा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला."

"तीर्थ घालायला ओढलान असंल."

"तीर्थ मी हातावर घेऊन पिऊ शकते. मी काय शेळी आहे? ओठ खाली ओढला, दात बघितले, मग तीर्थ घातलं. एवढ्या जवळून तर मला कुणी सासरच्यांनी पण बघून घेतलं नव्हतं!"

"बघतील ते. मुखातून कर्म दिसतां त्यांना."

"कर्म दाढेत असतं का?"

मैना रागावली. पण राग काही टिकेना. दोन दिवस तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत राहिली: अंगठा. आणि त्याच दोन दिवसांत शमिका विहिरीवरून येताना घेरी येऊन पायरीवर बसली. गोळ्या बंद होत्या. मैनानंच डबी उचलून कपाटात वर ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी मैना शमीमकडे गेली. शमीम खाडीकडच्या मोहल्ल्यात राहायची. तिच्या सासऱ्यांपासून घरात शेळ्या होत्या. चाळीस वर्षं ती शेळ्यांतच वावरलेली. नवरा नासिर बोटीवर, मुलगा कुवेतला, आणि शमीमबाय शेळ्यांत. मैनाची एक शेळी माजावर आली होती आणि बोकड शमीमकडे होता, म्हणून जाणं. मैना अंगणात पोचली तेव्हा कुणीतरी विकायला आणलेली एक शेळी शमीमपुढे उभी होती. शमीमनं डाव्या हातानं शेळीचा जबडा धरला, उजव्या अंगठ्यानं तिचा खालचा ओठ खाली ओढला, क्षणभर बघितलं आणि सोडून दिलं.

मैना जागच्या जागी थिजली.

"शमीमबाय, काय बघितलंस गो?"

"दात. दुसरां काय?" शमीम हात धूत म्हणाली. "हिचा मालक म्हनतो, तीन वेळा व्यायली हाय. तोंडात दोनच पक्के दात. खोटारडा! एकदाच व्यायली असंल फार तर."

"दातांवरून कळतां?"

शमीमनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं कोळणीनं मासा न ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं. "मैनाबाय, दोन वर्षं शेळ्या पाळतंस ना तू? बस हितं." आणि तिनं आपल्याच गोठ्यातल्या तीन शेळ्या एकापाठोपाठ ओढून आणल्या. "शेळीला वरती पुढचे दात नसतात. खाली आठ. लहानपणी आठही दुधाचे, बारीक. वर्ष-सव्वा वर्षानं मधले दोन पडतात आणि पक्के, रुंद येतात. ही बघ, दोन दाती. दोन वर्षांची झाली की चार दाती, ही बघ. मग सहा, मग आठ. चार वर्षांची शेळी म्हंजे तोंड भरलां. माझ्या सासऱ्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतां, ते बोट फिरवून सांगायचे."

"आणि... पोटात किती, तेपण दातांवरून कळतां?"

"पोटातलां दातांवरून कसां कळंल? पण अंदाज येतो की. कोवळी शेळी, पयलां वेत, म्हंजे बहुतेक एकच. अंगच भरलेलां नसतां तिचां. दुसऱ्या वेतापासून दोन. खायला-प्यायला नीट असंल तर कधी तीन. चार मी आयुष्यात दोनदा बघितली. शेळी हाय ती, दोन द्यायचा तिचा धर्मच हाय. त्यात बघायचां काय?"

मैनाच्या कानात एकदम तो पळीचा टण्ण आवाज घुमला. दुधाचे दात: एकपदरी. चार दात: दोनपदरी. गटाच्या बाराही शेळ्यांचं ते पहिलं वेत होतं, म्हणून एकेक. महाराज आले तेव्हा दुसरं वेत होतं, म्हणून दोन-दोन. आणि शमिकाचं तोंड तर भरलेलं, बत्तीस दात! दोनपदरी!

"शमीमबाय," तिनं विचारलं, "गेल्या वर्षी तुझ्या शेळ्यांना किती किती झाली?"

"सात व्यायल्या. पाचांना दोन, एकीला तीन, एक पयलारू होती तिला एक. का गो?"

"आणि दोरा कुणाला बांधला होतास?"

"दोरा?" शमीम म्हणाली. "गळ्यात दोरी असते माझ्या शेळ्यांच्या. खुंट्याला बांधायला."

मैना हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शमीमनं कारण न विचारता तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मैना सुनेला घेऊन रत्नागिरीला गेली. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बसून तिनं चार वेळा पदर चावला. शमिका बाहेर आली.

"एकच आहे, आई. ठणठणीत. पाय मारतंय." आणि मग हळूच, "डॉक्टर ओरडल्या. रक्त अजून कमीच आहे. गोळ्या कुणी बंद केल्या, विचारत होत्या."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, विसरले."

येताना एसटीत मैना खिडकीकडे तोंड करून बसली. मग एकदम वळून म्हणाली, "त्या दापोलीकडच्या पोरीलापण परवा दोरा बांधलान त्यानं. आणि जाधवांच्या सुनेला. त्या मी आणलेल्या हायत, शमिका. माझ्या शब्दावर आल्या."

"मग सांगूया सगळ्यांना."

"सांगून कोण ऐकंल? रावजी म्हनंल, मैनाला शंका आली, म्हनून तिला एकच. सांगायचां नाय. दाखवायचां."

शमिकानं त्याच संध्याकाळी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. तिथल्या डॉक्टर आरोही सावंत म्हणाल्या, रविवारी मी येते. मैना मात्र तोवर मोहल्ल्यात पोचली होती. तिला शमीमचा सुलतान हवा होता.

सुलतान हा शमीमचा बोकड. शेळ्यांसाठी होता तो वेगळा. हा खच्ची केलेला, खाऊन-पिऊन गुबगुबीत, स्वभावानं गाय. वास नाही, दांडगाई नाही. वय दोन वर्षं पुरी. चार दाती.

रविवारी रांगेत मैना उभी राहिली तेव्हा तिच्या पुढ्यात जुनी गोधडी पांघरलेलं एक जनावर होतं. गोधडी खाली खुरांपर्यंत. "अंगात कसर हाय," ती विचारणाऱ्याला सांगत होती. "वारा लागला की थरथरतां." पाठीमागून शमीम ढकलत होती. रावजीनं मैनाला पाहून रांग मोडून पुढे घेतलं. मानच होता तिचा.

सुलतानचं मुंडकं भोकातून आत गेलं. तिथं काही खायला मिळेल असं वाटून तो खुशीनं गेला. पळी वाजली. शांतता. मग कर्णा कडाडला.

"अहाहा! काय कर्म आहे! पूर्वजन्मीची पतिव्रता ही! दोनपदरी!"

"महाराज," मैनानं पडद्याला तोंड लावून विचारलं, "दोन म्हंजे दोनच ना?"

"बाई, मला इथून दोन जीवांची हालचाल दिसते आहे! एक पाट आणि एक बोकड!"

"कधी वील?"

"येत्या अमावास्येच्या आत! कास भरत आलेली आहे. दूध इतकं होईल की भांडी पुरणार नाहीत!"

"विजय असोऽऽ!" गर्दी ओरडली. मैनानं मागे वळून हात वर केला.

"रावजीभाऊ, तुम्ही जाणकार. जरा हिच्या पाठीमागे या. आणि कास किती भरली हाय ती सगळ्यांना सांगा."

तिनं गोधडी ओढली.

रावजी वाकला. रावजी तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं डोळे चोळले आणि पुन्हा वाकला.

"ह्यो... ह्यो तर..."

"बोला की!"

"बोकड हाय," रावजी पुटपुटला.

पुढे काय झालं ते वडापाववाला अजून सांगतो. आधी एक म्हातारी हसली. मग टेम्पोवाले हसले. मग हसणं सगळ्या बागेत पसरलं. रिक्षातून आलेली शेळी दचकून ओरडू लागली आणि तिच्यासोबत साठ-सत्तर शेळ्या. पडद्याच्या भोकातून सुलतानच्या मुंडक्याशेजारी दुसरं एक मुंडकं बाहेर आलं. दाढीवालंच. जोडनाथांनी आधी बोकडाकडे पाहिलं, मग बोकडाच्या मागच्या टोकाकडे, मग गर्दीकडे.

"देवाला अशक्य काय आहे?" ते ओरडले, माईक अजून हातात होता. "देवाच्या मनात आलं तर बोकडसुद्धा विईल!"

"खच्ची केलेला हाय, महाराज," शमीम शांतपणे म्हणाली. "तरीपण व्यायला तर कळवंन. बाळंतविडा घेऊन या."

"देवाची परीक्षा घेतलीत! सगळ्या शेळ्या भाकड होतील! शाप आहे माझा!"

"शाप द्या, पन एवढां सांगा," मैना म्हणाली. आता ती पडद्यापुढे उभी होती, गर्दीकडे तोंड करून. "तुम्हाला कर्म दिसतां, पन बोकड दिसत नाय, असां कसां? बायांनो, मी सांगतंय ह्यांना काय दिसतां. तुमच्यातली कुणीपण शेळी पुढे आणा."

लांज्याची एक बाई बिचकत पुढे आली. मैनानं शेळीचा जबडा धरला, अंगठ्यानं ओठ ओढला. "मधले दोन दात रुंद, बाकी बारीक. दोन दाती. पयल्यांदा गाभण ना? एक होईल हिला. महाराजांनी काय सांगितलान?"

"एकपदरी," बाई चकित होऊन म्हणाली.

"दुसरी आणा. ही सहा दाती. दोन. हिला काय बांधलान?"

"दोनपदरी!"

पाच शेळ्या झाल्या. पाचही वेळा मैनाचं आणि महाराजांचं एकच. सहाव्या वेळी गर्दीच ओरडून सांगू लागली. महाराज तोवर पडद्यामागे आपली पिशवी भरत होते.

रावजी मात्र हटेना. माणूस वर्षभर ज्याच्या पाया पडला, तो सहजासहजी सुटत नाही. "ते दातांचां असूं दे," तो म्हणाला. "पन दोरा बांधलान आणि जुळी झाली, हे खरां की नाय? बाराही शेळ्यांना आधी एकेक होतां. दोऱ्यानंतर दोन झाली. हे कसां?"

तेव्हा डॉक्टर आरोही पुढे आल्या. त्यांनी माईक घेतला नाही. "काका, तुमच्या शेळ्या कोवळ्या आल्या होत्या. पहिल्या वेताला बहुतेक शेळ्यांना एकच होतं. शेळी वाढली की दुसऱ्या-तिसऱ्या वेताला साधारण दोन होतात, कधी तीन. जात, वय आणि खुराक, या तीन गोष्टींवर ते ठरतं. तुम्ही दोरा बांधला नसता तरी हेच झालं असतं."

"ते तुम्ही म्हनताय!"

"माझं नका ऐकू. या शमीमबाईंना विचारा. यांच्या शेळ्यांना दोरा नाही. यांना किती झाली?"

शमीमनं आकडे सांगितले. रावजी बोटांवर काहीतरी मोजत राहिला. मग त्यानं आपल्याच वाड्याकडे पाहिलं. तिथं देवाची नऊ करडं बांधलेली होती. त्यातलं एक ओरडलं, आणि मांडवातल्या एका शेळीनं ओळखून उत्तर दिलं. त्या शेळीची मालकीण उठली, वाड्यात गेली आणि आपलं करडू सोडून घेऊन आली. तिच्यामागे बाकीच्या.

आधीच्या टेम्पोंतून घाटावर गेलेली करडं काही परत आली नाहीत. जोडनाथांना लोकांनी बागेच्या फाटकापाशीच गाठलं. शमिका आणि डॉक्टर आरोही यांनी ठाण्यात तक्रार दिली. गर्भवती बायकांना औषध बंद करायला सांगणं हा त्यातला पहिला मुद्दा होता. चौकशीत कळलं, महाराज वीस वर्षं घाटावरच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. दात बघून वय सांगण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता म्हणे. सरळ धंदा केला असता तर नाव मिळवलं असतं. पण सरळ धंद्यात कुणी जोडीतलं एक फुकट आणून देत नाही.

त्या रविवारनंतर मैना दोन घरी गेली. जाधवांच्या सुनेकडे आणि दापोलीकडच्या त्या पोरीकडे. दोघींना तिनं हात जोडून सांगितलं, "मी चुकले. दोरा सोडा, गोळ्या घ्या, दवाखान्यात जा." जाधवांच्या म्हातारीनं तिला दारातच चार शब्द ऐकवले. मैनानं ते ऐकून घेतले आणि मग म्हणाली, "आता सुनेला घेऊन चला. मी येतंय बरोबर." आणि गेली.

पावसाच्या तोंडावर शमिकाला रत्नागिरीच्या दवाखान्यात मुलगी झाली. एकच.

तिला महिना झाला असेल. एका सकाळी मैनाच्या अंगणात राजापुराकडच्या चार बायका येऊन उभ्या राहिल्या. बरोबर एक शेळी, हातात नारळ, हळदकुंकू, फुलांची पुडी. पुढची म्हातारी वाकून मैनाच्या पाया पडायला लागली.

"अगो, अगो! काय करतंस?" मैना मागे सरली.

"मैनाआई, तुमचां नाव ऐकून आलों. त्या भोंदूला तुम्ही पाडलात. खरी शक्ती तुमच्याकडे हाय. आमच्या शेळीच्या तोंडात जरा बघा."

ओटीवर बाळाला मांडीवर घेऊन बसलेली शमिका खुदकन हसली. मैनाला मात्र हसू आलं नाही. ती पायरीवर बसली, म्हातारीला शेजारी बसवलं आणि नारळ परत तिच्या ओटीत घातला.

"घरी नेऊन चटणी कर ह्याची. मी बघनार नाय. तू बघ."

"मला काय कळतंय?"

"मलापन कळत नव्हतां. म्हनून वर्षभर एका दलालाच्या पाया पडले आणि घरातल्या पोरीचा जीव टांगणीला लावला. ये, अंगठा हितं ठेव. ओठ खाली ओढ. भिऊ नको, चावत नाय ती. मोज."

म्हातारीनं अंगठ्यानं ओठ ओढला. डोळे बारीक करून मोजलं. "रुंद दात... चार."

"मग? कितवां वेत?"

"दुसरां."

"मग किती होतील?"

म्हातारीनं विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणी असा प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलं असावं. "दोन होतील... बहुतेक."

"झालां तर!" मैना म्हणाली. "आणि ह्यो जो शब्द आता म्हनालीस ना, 'बहुतेक', तो सोडू नको. ज्याला ठाऊक असतां तो असां बोलतो. ज्याच्या तोंडात हा शब्दच नसंल, त्याच्या पडद्यात मुंडकं घालू नको. ना शेळीचां, ना सुनेचां, ना स्वतःचां."